सेट लंच मागवणारा फुकटा नसतो

आज इथल्या, इंग्लंडमधल्या आपल्या लोकांच्या एका ग्रुपवर कुणीतरी लिहिलंय, "सेट लंच आणि नळाचं पाणीच मागवायचं तर मिशेलिन स्टारवाल्या पबमध्ये जायचंच कशाला, घरी खा ना." (सेट लंच म्हणजे एकाच ठरलेल्या किमतीतलं दुपारचं जेवण, आणि मिशेलिन स्टार म्हणजे उत्तम जेवणासाठी मिशेलिन गाइड देतं तो मान.) खाली हसण्याच्या इमोजींची रांग. डोकंच सणकलं माझं.

अरे, जेवणासाठी नावाजलेले हे पब सुरू झाले तेच मुळी असल्या तोऱ्याला कंटाळून! लंडनमध्ये फॅरिंगडनला 'द ईगल' १९९१ साली सुरू झाला तेव्हा फळ्यावर खडूने लिहिलेला मेन्यू, जोड न जुळणाऱ्या खुर्च्या, आणि जेवण मात्र फक्कड. पुढे २००१ मध्ये टिटलीच्या 'स्टॅग इन'ला स्टार मिळाला, पबला मिळालेला पहिला, आणि मार्लोच्या 'हँड अँड फ्लॉवर्स'ने तर दोन मिळवले. म्हणून काय आता दारात पगाराची स्लिप दाखवायची?

बाबा इकडे आले होते तेव्हा त्यांना अशाच एका पबमध्ये घेऊन गेले होते, दुपारी, मधल्या वारी. बाबांचं बोट नेहमी मेन्यूच्या उजव्या बाजूला, पौंडाचे रुपये करत करत खाली सरकतं आणि मग "मला फारशी भूक नाही गं" येतं. सेट लंचला तीन कोर्सचा मिळून एकच आकडा, त्यामुळे बोट थांबलं आणि माणूस पहिल्यांदा डाव्या बाजूचं वाचायला लागला. मासा आला, वरची कातडी पापडासारखी कुरकुरीत, खाली बटरचा सॉस. बाबांनी ब्रेडने प्लेट पुसून खाल्ली, आणि वाढणाऱ्या मुलीने न मागता अजून ब्रेड आणून ठेवला. एवढंच. कुणी नाक मुरडलं नाही.

आणि दुसऱ्या एका ठिकाणी नळाचं पाणी म्हटल्यावर वेटरचा चेहरा असा झाला की जणू त्याच्या खिशातून मागितलं. इंग्लंडमध्ये दारूचं लायसन्स असलेल्या जागेत नळाचं पाणी मागितलं तर फुकट द्यावंच लागतं, २०१० पासून नियमच आहे, उपकार नाहीत!

हो, मान्य, दारूवरच त्यांचं गणित जमतं, आणि बिलातला २० टक्के व्हॅट सरकारच्या घरात जातो. पण मग सेट लंच ठेवलाय कुणासाठी? मंगळवार-बुधवारी दुपारी रिकामी टेबलं भरावीत म्हणूनच ना? बाबा कुणाची जागा अडवून बसले नव्हते.

ज्याने लिहिलंय त्याच्यावर खरं तर फार राग नाही, त्यालाही कुणीतरी कधी असंच ऐकवलं असेल. राग येतो तो हसणाऱ्यांचा. आपल्यातलेच आहेत सगळे, आईबापांनी पै पै जोडून शिकवलेले.

तर जा. बिनधास्त जा. साइटवर सेट लंचचे वार बघून बुक करा, वाइन नको तर अर्धा पिंट बिअर घ्या किंवा नुसतं पाणी. सर्व्हिस चार्ज बहुतेक ठिकाणी ऐच्छिक असतो, पण तो काढायला मी कधीच सांगत नाही, ऑक्टोबर २०२४ पासून कायद्याने तो पूर्ण स्टाफलाच जातो, आणि तो ब्रेड आणणाऱ्या मुलीसारख्यांचा तो हक्क आहे. कुणाचे आईबाबा येणार असतील आणि बुकिंगचं जमत नसेल तर मला मेसेज करा, मी करून देते.