एडमंड फुकटात सुटला का? सिडकोतल्या ताईंना उत्तर

ताई, नमस्कार.

सी. एस. लुईसच्या 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' या मुलांच्या कादंबरीवर मी लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया चांगलीच तिखट आहे. भावंडांना चेटकिणीच्या हवाली करायला निघालेला एडमंड नुसत्या 'सॉरी'वर सुटतो, हे तुम्हाला पटलं नाही. आठवीतली लेक म्हणाली, "म्हणजे मीपण दादाला असंच सोडून द्यायचं?" आणि वर तुमचा टोला, की पंचवटीच्या गावात राहून भावंडांच्या गोष्टीसाठी इंग्लंडला कशाला जायचं, राम-भरत आहेत की!

टोल्याचं आधी. राम-भरताची गोष्ट थोरच, पण तिच्यात भरताचा अपराध कुठला? राज्य आयतं गळ्यात पडलं, त्याने ते नाकारून पादुका मागून नेल्या. जवळचंच हवं तर त्र्यंबकला चला. पौषवारीला ज्यांच्या समाधीला दिंड्या जातात, त्या निवृत्तिनाथांची धाकटी बहीण मुक्ताबाई. ताटी लावून बसलेल्या ज्ञानदादाची ती समजूत काढते. पण तिथेही राग लोकांवरचा आहे, बहिणीवरचा नाही. भावानेच बहिणीला चारचौघांत खोटं पाडलं तर पुढे काय, हा प्रश्न वेगळा, आणि लुईसने तोच घेतलाय.

'खोटं पाडलं' असं मुद्दाम म्हणतोय. एडमंड म्हटलं की सगळ्यांना चेटकिणीने खाऊ घातलेली ती टर्किश डिलाइटची मिठाई आठवते. ती मंतरलेली होती, पोरगं हावरट होतं, समजू शकतो. त्याचा खरा गुन्हा मला त्यानंतरचा वाटतो. कपाटापलीकडच्या जादूच्या देशात, नार्नियात, जाऊन आलेला असूनही तो थोरल्या पीटर आणि सुझनला सांगतो, की लूसी आणि मी नुसतं खोटं-खोटं खेळत होतो. सगळ्यात धाकटी लूसी खरं बोलत असते, एकटी पडलेली असते, आणि ते माहीत असलेला जगात एकच माणूस असतो. तोच उलटतो. इथे जादूटोणा नाही, निव्वळ खुनशीपणा आहे. तुमच्या लेकीला राग आला तो याचाच असणार.

आता माफी. नार्नियाचा सिंह अस्लान त्याच्याशी एकट्याशी बोलतो. काय बोलला ते लुईस सांगत नाही. मग एडमंड एकेकाला सॉरी म्हणतो, सगळे 'असू दे' म्हणतात, संपलं. त्या क्षणी लूसीला काय वाटलं, हे थोडं तरी यायला हवं होतं. तिथे मी तुमच्या बाजूने आहे. पुढे लढाईत तो चेटकिणीची कांडी तोडतो, मरता मरता वाचतो, तेही लूसीच्या औषधाने. पण शौर्याने ते जुनं खोटं फिटत नाही, हेही मान्य.

ते फिटतं पुढच्या पुस्तकात, १९५१च्या 'प्रिन्स कॅस्पियन'मध्ये. जंगलात वाट चुकलेली असते. लूसी म्हणते, मला अस्लान दिसला, तो वरच्या बाजूला बोलावतोय. बाकी कुणालाच दिसलेला नसतो. मत घ्यायची वेळ येते तेव्हा तिच्या बाजूने एकटा एडमंड उभा राहतो, आणि कारणही सांगतो: मागच्या वेळी तीच खरी ठरली होती आणि तिच्यावर अविश्वास दाखवण्यात मीच सगळ्यांच्या पुढे होतो. ज्या नाण्यात कर्ज, त्याच नाण्यात फेड. आणि हे मत हरतं बरं का! सगळे चुकीच्या वाटेने जातात, बाणांचा मारा होताच परत फिरतात. तिसऱ्या भागात तर नव्याने आलेल्या नात्यातल्या भावाला, युस्टेसला, तो स्वतःच सांगून टाकतो की तू नुसता गाढवपणा केलास, मी गद्दार होतो. सांगण्याची सक्ती त्याच्यावर कुणी केलेली नसते.

म्हणून लेकीला 'सोडून दे' असं मी सांगणार नाही. दादाने सॉरी म्हटलंय ना, ठीक. आता घरात तिचं म्हणणं कुणी ऐकत नसेल तेव्हा तो काय करतो, ते तिने बघावं.

'प्रिन्स कॅस्पियन' सावानात, म्हणजे आपल्या सार्वजनिक वाचनालयात, मिळतं का बघा. नाही मिळालं तर कॉलेज रोडला याल तेव्हा माझी प्रत घेऊन जा. मलपृष्ठ फाटलंय, बाकी शाबूत आहे.