खजिनदाराने बोली उघडावी

माझ्या शेतीचं एकूण क्षेत्रफळ तीन कुंड्या. एकीत कढीपत्ता, दुसरीत गवती चहा आणि तिसरीत काय उगवलंय यावर घरात एकमत नाही. बायको म्हणते मिरची, मी म्हणतो तण. तरीही दरवर्षी ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी मला हंगामाचं पहिलं पीक हातात धरून वेदीसमोर उभं राहावं लागतं. त्या दिवशी आमच्या चर्चमध्ये हंगामाचा सण असतो.

चर्चचं नाव सांगत नाही. नाशकात आहे, एवढं पुरे. सांगितलं तर पुढच्या रविवारी मला खांबाआडचा बाकसुद्धा मिळायचा नाही.

पूर्वी या सणाला लोक खरोखर शेतातून यायचे. बाजरीची कणसं, भुईमुगाचे वेल, मक्याची ताटं, इगतपुरीकडून नवा तांदूळ. आता निम्मी मंडळी फ्लॅटमध्ये राहते आणि पगारावर जगते. आमचं पीक महिन्याच्या एक तारखेला येतं आणि पाच तारखेला बँक ते कापून नेते. त्यामुळे सणाच्या आदल्या संध्याकाळी भद्रकालीच्या भाजीबाजारात जावं, तर चर्चचा कारभार बघणारी अर्धी पास्टरेट कमिटी तिथे भेटते. एकमेकांना ‘सलाम’ घालायचा आणि पिशवी पाठीमागे धरायची. भद्रकालीतून भोपळा आणून तो प्रभूला वाहणारे नाशिककर आपण एकटेच नाही, याचा तेवढाच दिलासा. गेल्या साली कुणीतरी वाहिलेल्या सफरचंदावरचं स्टिकर काढायचं राहिलं आणि फळ न्यूझीलंडचं निघालं. पाळकसाहेबांनी प्रसंग ओळखून ते ‘पृथ्वीच्या शेवटापर्यंत’ या वचनाला जोडलं म्हणून निभावलं.

मुळात हे वेळापत्रक इंग्लंडातलं. तिकडे कॉर्नवॉलमध्ये मॉर्वेनस्टो नावाचं गाव आहे. तिथल्या हॉकर नावाच्या पाळकाने १ ऑक्टोबर १८४३ रोजी, पीक घरात आलं म्हणून आभाराची उपासना ठेवली आणि तिथून आजच्या रूपातला हा सण पसरला. हा हॉकर मोठा वल्ली. आपली मांजरं घेऊन चर्चमध्ये जायचा म्हणतात. मिशनरी बोटीत बसले तेव्हा हा सणही त्यांच्या ट्रंकेत आला असणार. आपल्या खरिपाशी त्याचं बऱ्यापैकी जमलं. जमलं नाही ते फक्त द्राक्षांशी.

नाशकात ऑक्टोबर म्हणजे द्राक्षाच्या छाटणीचा महिना. माल यायला त्यानंतर चार महिने लागतात. सणाच्या दिवशी बागांमधून नुसत्या काड्या उभ्या असतात. पण महिला समितीला हे कोण सांगणार? ‘द्राक्षांच्या गावात वेदीवर द्राक्षं नकोत?’ असा सवाल आला आणि उत्तर म्हणून मेन रोडवरून प्लास्टिकचे घड आले. जांभळे, चकचकीत, प्रत्येक मण्यावर एक शिवण. ते वेदीच्या दोन्ही बाजूंना लटकले आणि समोरच्या बाकावर निफाडचे मामा येऊन बसले.

निफाडचे मामा म्हणजे आमच्या मंडळीतले शेवटचे खरे बागाईतदार. दर रविवारी येणं होत नाही, पण हंगामाच्या सणाला डोक्यावर फेटा, हातात काठी आणि जीपच्या मागे काहीतरी जिवंत असं घेऊन हजर. त्यांनी प्लास्टिकच्या घडाकडे एकदा पाहिलं, फेटा सारखा केला आणि डोळे मिटले. प्रार्थना करत असावेत असं आम्ही धरून चाललो.

यंदाचं जिवंत काहीतरी म्हणजे कोंबडा होता. तांबडा, मानेवर सोनेरी झाक, तुरा बाजूला कललेला. तंगड्या बांधून त्याला पेटीच्या शेजारी ठेवलं होतं, एका बाजूला तांदळाची गोणी, दुसऱ्या बाजूला मुळ्यांची जुडी. मी जवळून बघायला वाकलो तर त्याने मान तिरकी करून एका डोळ्याने मला न्याहाळलं. बुबुळाभोवती पिवळं कडं होतं आणि पापणी खालून वर मिटत होती. आमच्या ऑफिसात ऑडिटर यायचे, ते असंच बघायचे.

उपासना सुरू झाली. गाणी उत्तम झाली. पेटी, तबला, झांजा असल्या की आमची मंडळी वारकऱ्यांना हार जात नाही. मग पापकबुलीची वेळ आली. दोन मिनिटं शांतता. प्रत्येकाने मान खाली घालून आपापलं वर्ष आठवायला घेतलं आणि कोंबडा आरवला. नरड्याच्या तळापासून, पूर्ण, चार अक्षरी. संडे स्कूलची पोरं फिदीफिदी हसली. एक आजी ‘पशुपक्षीही स्तुती करतात, स्तोत्रात आहे’ असं पुटपुटल्या. पाळकसाहेबांनी क्षमेची घोषणा जरा लवकरच केली.

पाळकसाहेब नगरकडचे. त्यांचा द्राक्षांशी संबंध शास्त्रातला. योहानाचा पंधरावा अध्याय घेऊन त्यांनी वेल, फाटे आणि माळी यांवर चाळीस मिनिटं उपदेश केला. फळ देणाऱ्या फाट्यालाही माळी छाटतो, का, तर अधिक फळ यावं म्हणून. फार छान बोलले. माझेही डोळे पाणावले. पण दारात हस्तांदोलन करताना निफाडच्या मामांनी त्यांचा हात सोडलाच नाही.

“साहेब, नुसती छाटून काय होतंय? काडीच्या डोळ्याला पेस्ट लावावी लागती. नाहीतर डोळा फुटत नाही. अन् परतीचा पाऊस झाला का डाऊनी रोग येतो, त्याचं काय?”

पाळकसाहेब म्हणाले, “पुढच्या वर्षी घेऊ.”

उपासनेनंतर आवारातल्या कडुनिंबाखाली लिलाव. वाहिलेली प्रत्येक वस्तू विकायची आणि पैसे चर्चच्या फंडात. या लिलावाचं अर्थशास्त्र कुठल्याही कॉलेजात शिकवत नाहीत. इथे वस्तूची किंमत वस्तूवर नसते, कोण बघतंय यावर असते. एक लिंबू साडेतीनशेला गेलं. पाळकीणबाईंच्या केकवरून एका नणंद-भावजयीत बोली एवढी चढली की दोघींच्या नवऱ्यांनी मध्ये पडून केक अर्धा-अर्धा केला, पैसे मात्र दोघांकडूनही पूर्ण वसूल झाले. आमच्यात एक प्रेसमधून रिटायर झालेले काका आहेत. आयुष्यभर नाशिक रोडला नोटा छापल्या, पण बोली लावताना पाच-पाच रुपयांनी पुढे सरकतात. ‘दोनशे पाच.’ ‘दोनशे दहा.’ त्यांच्यामुळे एका पपईला पाऊण तास लागला.

आता माझं दुखणं. मी खजिनदार आहे. आणि आमच्याकडे एक न लिहिलेला नियम आहे: एखादी वस्तू अडली, तर खजिनदाराने बोली उघडावी. हे नारळ फोडण्यासारखं असतं, फोडणारा वेगळा आणि खोबरं खाणारा वेगळा. गेली सहा वर्षं मी बोल्या उघडतोय आणि सहा वर्षांत माझ्या घरी फक्त एक जुडी शेपू आली आहे. ती चूक माझीच होती, मी शिंकलो होतो.

कोंबडा सगळ्यात शेवटी निघाला. तोवर प्रीतिभोजनाच्या पातेल्यांची झाकणं उघडली होती आणि रश्श्याचा वास कडुनिंबापर्यंत पोचला होता. त्यात या प्राण्याने लिलाव पुकारणाऱ्या सेक्रेटरींच्या मनगटावर सगळ्यांदेखत चोच मारलेली.

“जरा तापट आहे,” निफाडचे मामा म्हणाले, “पण वेळेचा पक्का.”

कुणी बोलेना. सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. आभाळात काही नव्हतं.

“पाचशे,” मी म्हणालो. सुरुवात म्हणून.

अशी शांतता पापकबुलीलाही नव्हती. प्रेसचे काका, जे पपईसाठी पाऊण तास लढले, ते चपलेचा अंगठा दुरुस्त करू लागले. “पाचशे एक वार... पाचशे दोन वार...” सेक्रेटरी एरवी या दोन वारांमध्ये एक विनोद सांगतात. त्या दिवशी त्यांना भूक लागली होती.

कोंबडा माझा झाला. पण मी सहा वर्षांचा मुरलेला खजिनदार. विकत घेतलेली वस्तू पुन्हा लिलावाला देता येते, फंडाला दुप्पट फायदा, टाळ्या वेगळ्या. मी उठून उदार आवाजात जाहीर केलं, “हा कोंबडा मी पुन्हा चर्चला अर्पण करतो!”

टाळ्या झाल्या. बायकोने मात्र कपाळाला हात लावला. तिचं डोकं माझ्यापेक्षा दोन पायऱ्या पुढे चालतं.

“तर मंडळी, कोंबडा पुन्हा लिलावाला,” सेक्रेटरी म्हणाले. “बोली कोण उघडणार?”

आणि सगळी मंडळी एका सुरात म्हणाली, “खजिनदार!”

पाचशेच्या खाली तर जाता येत नव्हतं. सहाशेला तो पुन्हा माझाच झाला. म्हणजे अकराशे रुपये आणि कोंबडा तोच. मी स्वतःच्या हाताने दोन पावत्या फाडल्या, स्वतःच्या नावाने, आणि स्वतःलाच ‘देव आशीर्वाद देवो’ म्हणालो.

त्याला कापडी पिशवीत घालून, मुंडकं बाहेर ठेवून, स्कूटरवर माझ्या दोन पायांच्या मध्ये बसवलं. बायको मागे, अंतर ठेवून. द्वारका चौकात नेहमीप्रमाणे अडकलो. ऑक्टोबरचं ऊन, चारी बाजूंनी हॉर्न, आणि पिशवीतून तो सगळ्या चौकाची हजेरी घेतोय. शेजारच्या रिक्षातल्या माणसाने मान बाहेर काढली.

“गावठी का? केवढ्याला?”

“अकराशे.”

त्याने आधी कोंबड्याकडे, मग माझ्याकडे, मग मागे बायकोकडे पाहिलं. “वहिनी, तुम्ही तरी सोबत होतात ना?”

जेल रोडला आमची सोसायटी. पाळीव प्राण्यांबद्दल तिचे नियम अकरा कलमी आहेत. गेटवर वॉचमन म्हणाला, “साहेब, पिशवीत कोंबडा हाय का?” मी म्हणालो, “छे रे!” आणि पुढे सटकलो. लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरचे काका होते. ते सोसायटीचे माजी चेअरमन, ऑक्टोबरातही मफलर बांधणारे. “आज हार्वेस्ट ना तुमचा? काय आणलंत?”

“भोपळा,” मी म्हणालो. पिशवीने माझ्या पोटरीला टोचलं. मी हसलो. काकांनी पिशवीकडे पाहिलं आणि काही न बोलता दुसऱ्या मजल्यावर उतरले.

बेत साधा होता. रात्र बाल्कनीत काढायची, सकाळी चिकनवाल्याकडे न्यायचं, दुपारी रस्सा. मुलीने तोवर त्याला बाजरी घालून, पाणी पाजून, पायाची दोरी सोडून टाकली होती. डालगं काही घरात नव्हतं. कपडे वाळत घालायची मोठी टोपली पालथी घातली आणि वर बायबलचा शब्दकोश ठेवला, घरातली सगळ्यात जड वस्तू म्हणून. रात्री साडेदहाला सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला: ‘कुणाच्या फ्लॅटमधून कोंबड्याचा आवाज येतो आहे का?’ मी अंथरुणात पडल्या पडल्या टाइप केलं: ‘आमच्याकडे नाही. टीव्ही असेल कुणाचा.’ आणि दिवा मालवला.

चार वाजून दहा मिनिटांनी तो आरवला.

चर्चमध्ये आरवला होता ते काहीच नव्हतं. चार बिल्डिंगांच्या मधल्या डक्टमध्ये तो आवाज फिरून फिरून, मोठा होऊन परत आला. पटापट तीन दिवे लागले. मी ताठ उठून बसलो. बायको कूस बदलून, डोळे न उघडता एवढंच म्हणाली, “मत्तय सव्वीस,” आणि पुन्हा झोपली.

कोंबडा आरवायच्या आत पेत्राने येशूला तीनदा नाकारलं, तो अध्याय. मी बोटं मोजली. वॉचमन, लिफ्ट, ग्रुप. तिन्ही भरली. पेत्राचं एक बरं होतं, त्याला बाहेर जाऊन रडायची सोय होती. माझ्याकडे बाहेर म्हणजे बाल्कनी, आणि बाल्कनीत तो.

साडेसहाला बेल वाजली. दारात काका. मफलर, कपाळाला ताजा बुक्का. मी अकरा कलमांचं उत्तर मनात जुळवू लागलो.

“कोजागिरीपासून काकडा सुरू आहे देवळात,” काका म्हणाले. “साडेचारला पोचायचं असतं. मोबाईलचा गजर मला ऐकू येत नाही, हिला ऐकू येतो आणि ती तो बंद करते. पाच दिवसांत एकदा पोचलो होतो. आज पहिल्यांदा सगळ्यांच्या आधी गेलो. वीणेकऱ्याच्याही आधी.”

मी काही बोललो नाही.

“त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत त्याला हलवायचं नाही. कमिटीचं मी बघतो.” जिन्याकडे वळता वळता ते थांबले. “आणि लिफ्टमध्ये म्हणालात तसंच असू द्या. कुणी विचारलं तर भोपळाच आहे.”

तेव्हापासून रस्सा लांबला आहे. रोज रात्री नऊच्या सुमाराला काकांचा फोन येतो. आधी पावसाबद्दल बोलतात, मग कांद्याच्या भावाबद्दल, आणि ठेवता ठेवता हळूच विचारतात, “भोपळ्याला दाणे घातलेत ना?”