हीथक्लिफची वकिली? नव्हे, सर!

सर, नमस्कार. एमिली ब्राँटेच्या 'वदरिंग हाइट्स' (१८४७) या कादंबरीवरच्या, हीथक्लिफला नायक म्हणणाऱ्या माझ्या लेखावर तुम्ही चांगलेच तापलात. बायकोला छळणारा, पोटच्या पोराला प्याद्यासारखं वापरणारा हीथक्लिफ नायक कसला? नायक एडगर लिंटन, हीथक्लिफच्या लाडक्या कॅथरीनचा सज्जन नवरा; मी राक्षसाची आरती ओवाळतोय, असं तुमचं म्हणणं.

राक्षसाचं म्हणाल, तर तुम्ही फोंड्याचे. जत्रेतल्या दशावतारी नाटकात, काल्यात, पोरं जागी राहतात ती संकासुर राक्षसासाठी, हे मी तुम्हाला काय सांगणार! पण तेवढ्याने संकासुर नायक होत नाही, हे मलाही मान्य. तो वेद चोरतो, मार खातो, जातो, गोष्ट विष्णूची. हीथक्लिफचं तसं नाही. तिथे प्रत्येक गाठ त्याच्याच हातची. एडगर भला माणूस, वादच नाही. पण बायको तीन दिवस खोलीत उपाशी पडलेली आणि हा आपला पुस्तकांत! त्याच्या जागी दुसरा कुणी सुखवस्तू नवरा आणला तरी कादंबरीचं फारसं अडत नाही.

एमिली ब्राँटेने त्याच्या पापांवर पांघरूणही घातलेलं नाही. एडगरच्या बहिणीला, इझाबेलाला, लग्नासाठी पळवून नेताना तो तिच्या लाडक्या कुत्र्याला फासावर टांगतो. वर घरच्या मोलकरणीला, नेलीला, ऐकवतो की, एवढं बघूनही ही बाई मला प्रेमकथेतला नायक समजत होती! तुमचा आक्षेप १८४७ सालीच, खुद्द त्याच्या तोंडून.

कॅथरीनच्या भावाने, हिंडलीने, हीथक्लिफचं शिक्षण तोडून त्याला गडी केलं. त्याचा वचपा तो हिंडलीच्या पोरावर काढतो. हॅरटनला स्वतःच्याच घरात अडाणी गडी करून ठेवतो. शेवटी एका संध्याकाळी हॅरटन आणि कॅथरीनची मुलगी, धाकटी कॅथी, पुस्तक वाचत बसलेली असताना हा आत येतो. दोघं एकदम वर बघतात. दोघांचेही डोळे मेलेल्या कॅथरीनचे. तो हॅरटनच्या हातातलं पुस्तक घेतो, चाळतो आणि मुकाट्याने परत देतो. सूड हातातोंडाशी आलेला, आणि हात उचलायची इच्छाच उरलेली नाही. हे एडगरच्या वाट्याला कधी येणार?

आणि मुलाचं तारुण्य मागून घेणारा बाप आपल्याला नायक म्हणून चाललाच की! खांडेकरांच्या 'ययाति'ला (१९५९) तर १९७४चं ज्ञानपीठ मिळालं.

हीथक्लिफ म्हणजे प्रेमवीर, हे खूळ मात्र सिनेमावाल्यांचं. १९३९च्या हॉलिवूडपटात पुढच्या पिढीची सगळी कथाच गाळली. हॅरटन गेला, त्याच्यावरचा सूड गेला. राहिला देखणा लॉरेन्स ऑलिव्हिए. त्या हीथक्लिफला झोडपायचं असेल तर सर, मी तुमच्या बाजूने.