किंग सीको परत आलं, भाऊबंदकी मागेच राहिली

जुन्या घड्याळांच्या नव्या आवृत्त्या काढायची सीकोला गेल्या काही वर्षांत सवयच लागली आहे. डायव्हर झालं, स्पीडटायमर झालं, अल्पिनिस्ट झालं. त्यात मला सगळ्यांत जास्त आवडलेलं आणि सगळ्यांत जास्त चिडवणारं घड्याळ म्हणजे किंग सीको, मॉडेल एसपीबी२७९. ऑफिसात, लग्नकार्यात, लोकलच्या गर्दीत, सगळीकडे घालून झालंय, तेव्हा आता मोकळेपणाने लिहितो. पोस्ट लांब आहे. घड्याळात रस नसेल त्यांनी खुशाल पुढे सरकावं, राग नाही.

थोडा इतिहास सांगावाच लागेल, नाहीतर माझी तक्रार कळणार नाही.

साठच्या दशकात सीकोच्या नावाची मनगटी घड्याळं दोन वेगळ्या कंपन्या बनवायच्या. टोकियोतल्या कामेइदो भागात दाइनी सेइकोशा आणि नागानोच्या डोंगराळ भागात सुवा सेइकोशा. घराणं एकच, हातोरींचं. युद्धाच्या काळात दाइनीचं बरंचसं काम टोकियोबाहेर हलवलं गेलं, त्यातलं सुवाला तग धरून राहिलं आणि १९५९ मध्ये सुवा सेइकोशा वेगळी झाली. डायलवर दोघींचंही नाव 'सीको'च. आतलं मशीन मात्र ज्याचं त्याचं, डिझाइन ज्याचं त्याचं, आणि ईर्ष्याही ज्याची त्याची. आपल्याकडे वाटण्या झालेल्या दोन भावांच्या शेतात बांधावरून जे चालतं तेच तिथे चालायचं, फक्त कोर्टकचेरीऐवजी सेकंदांच्या हिशेबात.

१९६० मध्ये सुवाने ग्रँड सीको काढलं. दाइनी गप्प बसते थोडीच? १९६१ मध्ये त्यांचं किंग सीको आलं. आणि १९६५ मध्ये आलं ते केएसके, ज्याच्यावरून आजचं हे नवं घड्याळ बेतलंय. चावीचं मशीन, २५ ज्वेल्स (चाकांचं घर्षण कमी करणारे खडे), चावी ओढली की सेकंदकाटा थांबणार, म्हणजे रेडिओच्या वेळेशी अचूक जुळवता येणार. केस, म्हणजे घड्याळाची धातूची चौकट, धारदार; लग्ज, म्हणजे पट्टा अडकवायचे चार पाय, रुंद आणि सपाट कापलेले. साधं होतं, पण कुठेही गुळगुळीत नव्हतं.

यातली गंमत पुढे आहे. १९६७ चं '४४ ग्रँड सीको' हे दाइनीने बनवलेलं पहिलं ग्रँड सीको, आणि त्याचं मशीन किंग सीकोच्याच ४४ मशीनवर आधारलेलं. तारो तानाका या डिझायनरने आखून दिलेले नियम, म्हणजे सपाट पृष्ठभाग, आरशासारखी चकाकी, धारदार कडा, याच घड्याळात पूर्णपणे उतरले असं ग्रँड सीकोवाले आजही अभिमानाने सांगतात. म्हणजे ज्याला आज थोरल्या ग्रँडचं घरंदाज रूप म्हणतात, त्याचं मशीन धाकट्या किंगच्या घरून आलेलं. हे जाहिरातीत थोडं हळू आवाजात सांगतात.

ही चढाओढ नुसती दुकानातली नव्हती. स्वित्झर्लंडमधल्या नूशातेल वेधशाळेत घड्याळांच्या अचूकतेच्या स्पर्धा व्हायच्या. तिथे १९६४ मध्ये जपानी मनगटी घड्याळं पहिल्यांदा उतरली तेव्हा त्यांचा सर्वांत चांगला क्रमांक होता १४४. तीन वर्षांनी, १९६७ मध्ये, कंपन्यांच्या यादीत दाइनी दुसरी आणि सुवा तिसरी. आणि ज्याच्यावर मात केली तो तिसरा कोण, तर आपलाच भाऊ. दाइनीच्या कारखान्यात त्या दिवशी स्विस लोकांना हरवल्याचा आनंद जास्त झाला असेल की सुवाला हरवल्याचा, याबद्दल माझं स्वतःचं मत आहे.

पुढे १९६९ च्या नाताळात सुवाने बॅटरीवर चालणारं, कैक पटींनी अचूक असं क्वार्ट्झ ॲस्ट्रॉन आणलं आणि असल्या सगळ्या शर्यतींचा अर्थच संपला. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर किंग सीको बंद झालं. (जाणकार म्हणतील, नंतरची ५६ मालिकेतली किंग सीको सुवाने बनवली. खरं आहे. भाऊबंदकीत शेवटी बांध सरकतोच.)

मग मधली वर्षं सोडून थेट २०२१. कंपनीला १४० वर्षं झाली म्हणून केएसकेची ३००० नगांची मर्यादित आवृत्ती काढली आणि २०२२ मध्ये नेहमीच्या विक्रीसाठी पाच रंगांत ही एसपीबी मालिका.

आता घड्याळाकडे वळू.

केसचा व्यास ३७ मिमी. लोकहो, ३७! गेली वीस वर्षं मनगटावर स्टीलच्या बशा बांधून फिरणाऱ्या दुनियेत कुणीतरी माणसाच्या हाताच्या मापाचं घड्याळ काढलं याबद्दल आधी नमस्कार. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लांबी ४३.६ मिमी, त्यामुळे माझ्यासारख्या बारीक मनगटाच्या माणसालाही लग्ज बाहेर येत नाहीत. तारीख नाही, आणि बरंच आहे. तारखेची खिडकी पाडली असती तर या तबकडीचा तोलच गेला असता. रेडियम नाही, अंधारात काही दिसत नाही, ज्यांना रात्री तीन वाजता वेळ बघायची असते त्यांनी मोबाइल बघावा.

आणि केसचं काम! लग्जचा वरचा भाग इतका सपाट आणि चकचकीत की ट्यूबलाइटखाली घड्याळ जरा कलवलं की एक बाजू पांढरीशुभ्र आणि शेजारची काळीकुट्ट दिसते. दोन्हींच्या मधली रेघ जराही फिसकटलेली नाही. हे पॉलिश या किमतीत सहसा दिसत नाही. बाराच्या खुणेवर बारीक दाणेदार नक्षी आहे, जुन्यावर होती तशीच. ती नुसत्या डोळ्यांना जेमतेम कळते, आणि एकदा कळली की दिवसभर तिथेच नजर जाते. काटे रुंद, पैलू पाडलेले. काच वर उचललेली, जुन्या प्लॅस्टिक काचेच्या आकाराची, पण सफायरची. चेन सात ओळींची. तिच्याबद्दल मतं टोकाची आहेत, मला ती घड्याळापेक्षा जास्त बोलते असं वाटलं आणि मी काढून साधा काळा चामडी पट्टा लावला. पट्ट्याची रुंदी १९ मिमी आहे. १८ सगळीकडे मिळतो, २० सगळीकडे मिळतो, १९ साठी दुकानदार आपल्याकडे असं बघतो की जणू आपण पाऊण बूट मागितला.

इथपर्यंत सगळं कौतुक. आता मशीन.

आत आहे ६आर३१. ऑटोमॅटिक, सेकंदाला ६ ठोके, पूर्ण भरलं की ७० तास चालतं. शुक्रवारी रात्री काढून ठेवलं तर सोमवारी सकाळी चालूच असतं, हा फायदा खरा आहे. पण कंपनी अचूकतेचं काय वचन देते? दिवसाला +२५ ते −१५ सेकंद. माझं स्वतःचं घड्याळ याहून खूप बरं चालतं, बहुतेकांचं चालतं, म्हणून माझी तक्रार घड्याळाबद्दल नाहीच. तक्रार त्या वचनाबद्दल आहे. साठच्या दशकात किंग सीकोचा क्रोनोमीटर, म्हणजे अचूकतेच्या कसोटीला उतरलेला, प्रकारही निघायचा. आज स्वित्झर्लंडमध्ये क्रोनोमीटर म्हणवून घ्यायला −४ ते +६ सेकंदांत बसावं लागतं. ज्या नावाने वेधशाळांच्या काळात सेकंदांसाठी भांडण केलं, त्याच नावाखाली आज 'दिवसाला चाळीस सेकंदांच्या पट्ट्यात कुठेही' असा करार? शिवाय हेच मशीन तारखेची चकती लावून ६आर३५ या नावाने अल्पिनिस्टमध्ये बसतं, आणि ते अल्पिनिस्ट अमेरिकेत ७२५ डॉलरला आलं होतं. किंग सीको १७०० ला. म्हणजे आपल्या रुपयांत दीड लाखाच्या आसपास जाणारं घड्याळ, आणि वरचा जवळजवळ सगळा पैसा केसच्या पॉलिशचा, तबकडीचा आणि नावाचा.

याच मशीनमुळे जाडीही वाढली. १२.१ मिमी. त्यातली थोडी उंच काचेची आहे हे मान्य, पण १९६५ चं चावीचं घड्याळ याहून सडपातळ होतं. समोरून बघा, १९६५. बाजूने बघा, २०२२. शर्टाच्या बाहीला हे बरोबर कळतं.

सीकोला याहून चांगलं मशीन बनवता येत नाही असं कुणी म्हणू नये. २०२१ च्या त्या मर्यादित आवृत्तीत ६एल३५ होतं, सेकंदाला ८ ठोके, +१५/−१०, आणि बरंच पातळ. २०२४ मध्ये त्याच मशीनवर १९६९ च्या ठेवणीचं किंग सीको काढलं, त्याची जाडी ९.९ मिमी. येतं त्यांना. पण किंमत चढते, आणि चढता चढता ती ग्रँड सीकोच्या उंबऱ्याशी पोचते. तिथे कंपनीचा पाय अडखळतो. ग्रँड सीको २०१७ पासून स्वतंत्र ब्रँड आहे, त्यांचा मानाचा तुरा. आज दाइनी नाही, सुवा नाही, एकच कार्यालय ठरवतं की कोण कुठल्या पायरीवर बसणार. किंगला पायरी दिली ती ग्रँडच्या खाली, प्रेसाज या सीकोच्याच दुसऱ्या मालिकेच्या वर, आणि हलू नकोस म्हणून सांगितलं. मूळ किंग सीको जन्मालाच आलं होतं ती पायरी न मानण्यासाठी. लग्जचा कोन हुबेहूब आणता आला. थोरल्याच्या नाकावर टिच्चून काहीतरी करून दाखवायची खुमखुमी आणता आली नाही, किंवा आणायचीच नव्हती.

यावरून आपल्या मुंबईचं एक प्रकरण आठवतं. परदेशातले सीको जमवणारे लोक 'मुंबई स्पेशल' नावाच्या घड्याळांना फार घाबरतात. जुनी सीको फाइव्ह, आखातातून आणलेली नाहीतर चोरबाजाराच्या वाटेने फिरलेली, उघडायची, दोन-तीन घड्याळांचे भाग मिळून एक चालू मशीन करायचं, तबकडी खरवडून पुन्हा रंगवायची, भगवी, पोपटी, मोरपंखी, वर 'सीको' छापायचं आणि इंटरनेटवर विकायचं. अक्षरं किंचित तिरकी, मिनिटांच्या रेघा जाड. जमवणारे नाक मुरडतात, आणि 'ओरिजिनल' म्हणून विकणं ही फसवणूकच आहे, त्याचं समर्थन नाही. पण त्या कारागिराच्या हातात निदान मशीन जुनं असतं आणि चेहरा नवा. सीकोने स्वतः पुनरुज्जीवन केलं तेव्हा चेहरा जुना आणि मशीन आजचं. दोन्हींत जास्त जुनं कोणतं, यावर आमच्या घड्याळ-मित्रांच्या व्हॉट्सॲप गटात एका रविवारी इतकं पेटलं की ॲडमिनला गट तात्पुरता बंद करावा लागला.

तर घ्यावं का? ज्यांना रोज घालायला एक सुबक, छोटं, पाण्याची भीती नसलेलं (१०० मीटर) आणि सहसा दुसऱ्या कुणाच्या हातात न दिसणारं घड्याळ हवंय, त्यांनी जरूर घ्यावं. नवीनच घ्यायची घाई नसेल तर हलकं वापरलेलं शोधा, किमती बऱ्याच खाली येतात. चंदेरी तबकडीचं घ्या. लाल तबकडीचंही निघालंय, दुकानात फार देखणं दिसतं, पण ते बघून मला पुन्हा चोरबाजारच आठवला.

आणि ज्यांना किंग सीको का झालं होतं हे हाताला कळायला हवंय, त्यांनी सरळ साठ वर्षांचं केएसके जपानमधून मागवावं. तिथल्या लिलावांत अजून येतात, बऱ्याचदा नव्याच्या अर्ध्याहून कमीत. घेताना डायलपेक्षा आधी लग्जचे फोटो मागा. कडा गोल झाल्या असतील तर कुणीतरी पॉलिश करायच्या चाकावर धरलंय, सोडून द्या, कितीही स्वस्त असलं तरी. कडा शाबूत असतील तर सर्व्हिसिंगचे पैसे बाजूला काढून ठेवा, चावीची मशीन हाताळणारा जुना घड्याळवाला गाठा, आणि पावसाळ्यात ते घालून बाहेर पडू नका.