लॅपटॉप पुसण्याआधी हे वाचा

रविवारी रात्री साडेदहाला वेंगुर्ल्याहून भाचीचा फोन आला. "मावशी, ह्यां खरां असा काय गो? लॅपटॉप पुसून टाकू?" लिनक्स (विंडोजऐवजी बसवायची फुकट सिस्टीम) भरलेला पेनड्राइव्ह हातात घेऊनच बसली होती. लॅपटॉप घरात एकच. भावोजींचं बँकेचं काम, बोटीचे कागद, आंब्याच्या पेट्यांचा हिशेब, सगळं त्यातच आहे.

हे सगळं एका फॉरवर्डमुळे. आधी तिच्या डिप्लोमाच्या ग्रुपवर आला, मग घरच्या ग्रुपवर खुद्द भावोजींनी टाकला आणि खाली विचारलं, "मॅक केवढ्याला पडतो?" मजकूर थोडक्यात असा: मेक (कोडपासून प्रोग्रॅम बांधणारं) आणि बॅश (लिहिलेल्या कमांड चालवणारं) ही युनिक्सची, म्हणजे लिनक्स आणि मॅक ज्या घराण्यातले त्या सिस्टीमची, साधनं विंडोजवर चालतच नाहीत; बिल्डमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम बांधताना, एरर आली तर अँटिव्हायरस बंद करून सगळं ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा; डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवायची मायक्रोसॉफ्टची सोय, हे नकली लिनक्स; ओकॅमलसारख्या प्रोग्रॅमिंगच्या भाषा विंडोजवर बसतच नाहीत; म्हणून विंडोज पुसा, नाहीतर कर्ज काढा पण मॅक घ्या.

मी पंधरा वर्षं प्रोग्रॅमिंगचं हेच काम करते. फोनवर भाचीला सांगितलं तेच इथे लिहिते, कारण रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत आणखी कितीतरी घरांत हा मेसेज पोचला असणार.

"चालतच नाहीत" हे तर साफ खोटं. सिगविन १९९५ पासून आहे. ते युनिक्सच्या प्रोग्रॅमच्या मागण्या विंडोजला समजतील अशा करून देतं. गिट फॉर विंडोज (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) बसवलं की बॅश सोबतच येतं, म्हणजे फॉरवर्ड पुढे ढकलणाऱ्या निम्म्या मुलांच्या लॅपटॉपवर ते आधीपासून असेल. मेक त्यात नसतं. ते एमसिस-टू हा सिगविनसारखाच संच बसवून त्यातल्या पॅकमॅन या इन्स्टॉलरने घ्यायचं. एवढं मान्य करते की जुन्या पद्धतीची कॉन्फिगर स्क्रिप्ट, म्हणजे बिल्डआधी मशीन तपासणारी कमांडची यादी, विंडोजवर रेंगाळते. ती शेकडो छोटे प्रोग्रॅम एकामागून एक सुरू करते. युनिक्सवर हे काम फोर्क, म्हणजे चालू प्रोग्रॅमची प्रत काढायची सोय, चुटकीसरशी करते. विंडोजकडे फोर्क नाही, त्यामुळे सिगविनला दर वेळी प्रोसेसच्या मेमरीची नक्कल स्वतः करावी लागते. पण उशिरा होणं वेगळं आणि न होणं वेगळं.

खरा संताप येतो तो अँटिव्हायरसच्या सल्ल्याचा. हा सल्ला देणाऱ्याने एकदा तरी एरर वाचली होती का? भाचीने सिनियरच्या सांगण्यावरून सिगविन बसवलं होतं आणि तिच्याकडे दोन एरर येत होत्या. पहिलीत मेक म्हणत होतं, फाईल सापडत नाही. मी तिला फोल्डरचा पूर्ण पत्ता वाचायला लावला. विंडोजचं खातं उघडताना तिने नाव आणि आडनाव मध्ये जागा सोडून लिहिलं होतं, म्हणून यूझर्सखालच्या तिच्या फोल्डरच्या नावातही ती जागा आली. मेक जागा दिसली की तिथे नाव संपलं असं धरतं. मेकफाईलमध्ये, म्हणजे मेकसाठीच्या सूचनांच्या फाईलमध्ये, पूर्ण पत्ता वापरला होता, त्याचे दोन तुकडे झाले आणि दोन्ही तुकड्यांच्या नावाची फाईल कुठेच नव्हती. बस्स, एवढंच!

दुसरी एरर स्क्रिप्टची होती: बॅकस्लॅश आर, कमांड नॉट फाउंड. विंडोजवर ओळीच्या शेवटी दोन अदृश्य खुणा असतात, युनिक्सवर एकच. गिट फॉर विंडोजच्या मूळ सेटिंगमध्ये फाइली उतरवताना ओळींचे शेवट विंडोजच्या पद्धतीचे होतात. सिगविनच्या बॅशला ती जादा खूण म्हणजे एखादी कमांडच वाटली.

आता सांगा, डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, बंद करून यातली कुठली एरर गेली असती? एकही नाही. उलट ज्या लॅपटॉपवरून भावोजी बँकेत पैसे भरतात, तो उघडा पडला असता. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चाललेली स्क्रिप्ट त्या मशीनवर वाटेल ते पुसू शकते, वाटेल ते बसवू शकते. एरर आली की कुलूप काढून ठेवा, असा सल्ला देणाऱ्याने आपल्या घरात तसं करून पाहावं.

इलाज साधा होता. सी ड्राइव्हवर थेट एक छोट्या नावाचं, इंग्रजी अक्षरांचं, मध्ये जागा नसलेलं फोल्डर केलं आणि प्रोजेक्ट तिथे हलवला. स्क्रिप्टवर ओळींचे शेवट युनिक्सचे करणारं डॉस-टू-युनिक्स चालवलं. पुन्हा हे होऊ नये म्हणून गिट-ॲट्रिब्यूट्स या गिटच्या सेटिंगच्या फाईलमध्ये एक ओळ घातली. बिल्ड पूर्ण झालं तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि पोरगी फोनवर रडत होती, आनंदाने.

या सल्ल्यात अर्धं सत्य आहे, तेही सांगते. हजारो छोट्या फाइली तयार होतात तेव्हा डिफेंडर त्या तपासत बसतो आणि बिल्ड मंदावतं. त्यासाठी तेवढं एक फोल्डर तपासणीतून वगळता येतं. विंडोज ११ वर २०२३ पासून याच कामासाठी डेव्ह ड्राइव्ह आहे, फक्त त्याला किमान ५० जीबी जागा लागते.

"नकली लिनक्स" हे २०१६ च्या पहिल्या डब्ल्यूएसएलबद्दल एक वेळ ऐकून घेतलं असतं. त्यात लिनक्सचा कर्नल, म्हणजे गाभा, नव्हता. २०२० मध्ये विंडोज १० वर सगळ्यांसाठी आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत खरा लिनक्स कर्नल चालतो, होम एडिशनवरसुद्धा. प्रोजेक्ट मात्र लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच ठेवा. सी ड्राइव्हवरून चालवलात तर फार मंद होतं आणि मग दोष डब्ल्यूएसएलला लागतो. चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर मी हे सुचवणार नाही, कारण मूळ सेटिंगमध्ये ते निम्मी रॅम घेऊ शकतं.

ओकॅमलचा मुद्दा बरीच वर्षं खरा होता. ओपॅम हे तिची तयार पॅकेजं उतरवून बसवणारं साधन विंडोजवर अधिकृतपणे चालत नव्हतं, आडवाटेने बसवावं लागायचं. पण जुलै २०२४ मध्ये ओपॅम २.२ आलं आणि ते बनवणाऱ्यांनी स्वतःच विंडोजचा अधिकृत आधार जाहीर केला. लागणारं सिगविन ते स्वतः बसवून देतं, नाहीतर तुमचं एमसिस-टू वापरतं. सगळ्यात अवघड म्हणून दिलेलं उदाहरणच असं निकालात निघालं असेल, तर बाकीच्यांचं काय घेऊन बसलात? पायथन आणि गो या भाषांचे विंडोजसाठी अधिकृत इन्स्टॉलर आहेत, आणि गोला तर मेकही लागत नाही. रस्ट या भाषेच्या, कुठल्या सिस्टीमला किती आधार त्या अधिकृत यादीत विंडोज पहिल्या श्रेणीत आहे. रस्टसोबत लागणारी मायक्रोसॉफ्टची सी प्लस प्लस साधनं मात्र काही जीबींची असतात. पावसात घरच्या नेटवर उतरवायला बसू नका, कॉलेजात उतरवा.

लिनक्सशी माझं वैर नाही, मी रोज वापरते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, आणि ज्या जुन्या लॅपटॉपवर ११ बसत नाही त्यावर लिनक्स घालणं शहाणपणाचं आहे. पण आधी बॅकअप, आणि घरातल्यांना विचारून.

मॅकचं म्हणाल, तर त्यावरही सगळं आयतं नसतं. ॲपल देतं ते बॅश २००६ च्या ३.२ मालिकेतलं आणि मेकही २००६ चं आहे. फाइलींच्या नावांत मोठं-लहान अक्षर मॅकही मूळ सेटिंगमध्ये वेगळं धरत नाही, म्हणून तिथे चाललेला प्रोग्रॅम लिनक्स सर्व्हरवर अडू शकतो. मशीन उत्तम आहे, पण डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला त्यासाठी कर्ज काढायची काही गरज नाही.

भावोजींना दुसऱ्या दिवशी सकाळी हेच सांगितलं. त्यांनी ग्रुपवरचा तो मेसेज काढला, आणि आंब्याच्या पैशांतून आता ठरल्याप्रमाणे बोटीची जाळीच येणार आहेत.