जवारी समजून घ्या, मग पेडल

एका लेखात म्हटलंय की गिटारवर सितारचा आवाज हवा तर एक पेडल (आवाज बदलणारं, पायाने चालू करायचं यंत्र) घेतलं की झालं, मला हे अजिबात पटलं नाही. मी ठाण्यात नौपाड्यात राहतो, गिटार वाजवतो आणि माझे काका सितार वाजवायचे त्यामुळे दोन्ही आवाज लहानपणापासून कानात आहेत. सितारचा तो झणझणाट येतो जवारीतून, म्हणजे घोडीचा (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, गिटारवर तिलाच ब्रिज म्हणतात) माथा रुंद आणि किंचित उतरता असतो, तार कंप पावताना त्याला घासत राहते आणि त्यातून वरचे स्वर एकामागून एक उमलतात. मिरजेचे कारागीर ही जवारी कानाने ऐकत ऐकत घासतात हो! गिटारची तार मात्र ब्रिजच्या एका बिंदूवरून सुटते, तिथेच सगळा फरक पडतो. १९६७ मध्ये कोरल इलेक्ट्रिक सितार, म्हणजे सितारसारखा आवाज देणारी इलेक्ट्रिक गिटारच, आली ना, तिच्यात म्हणूनच रुंद सपाट ब्रिज होता आणि शिवाय तरफेसारख्या (न छेडता आपोआप झंकारणाऱ्या) १३ तारा.

घरी गिटारवर करायचं तर ब्रिजजवळ तारांखाली कागदाची बारीक पट्टी सरकवून बघा, तार जेमतेम टेकली पाहिजे, जास्त दाबली तर आवाजच मरतो. ९ नंबरच्या (बारीक) तारा लावा, ब्रिजकडचा पिकअप (तारांचा कंप टिपणारा भाग) आणि थोडा कॉम्प्रेसर (आवाजाचा चढउतार कमी करणारा) ठेवा. एकदोन तारा सा-पला लावून चिकारीसारख्या (सितारच्या सतत सूर धरणाऱ्या तारांसारख्या) मोकळ्या छेडत राहा. आणि मींड, म्हणजे तार ओढून एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं, सितारवर एकाच पडद्यावरून चार-पाच स्वर ओढतात, गिटारवर दोन नीट सुरात आले तरी खूप, पण रियाज तिचाच करा, कारण माझ्या मते आवाजापेक्षा मींडेनेच सितार ओळखू येते.