‘भरवसा आहे’ म्हणजे नेमकं काय? कट्ट्यावर झालेली खडाजंगी

सुरुवात भाऊच्या एका वाक्याने झाली. “येशूवर भरवसा असलेल्या माणसाने रडगाणं गाऊ नये. चिंता म्हणजे अविश्वास. प्रेषित पौलाने आपल्या पत्रात सरळ लिहिलंय, कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका.”

“फिलिप्पैकरांस पत्र, चौथा अध्याय, सहावं वचन,” सर म्हणाले. “पण तू अर्ध्यावर थांबलास. पुढे प्रार्थना आहे, विनंती आहे, आभार आहेत आणि ‘आपली मागणी देवाला कळवा’ असं आहे. चिंता कुठे न्यायची ते पौल सांगतो, गिळून टाका म्हणत नाही. आणि करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा अकरावा अध्याय काढ. फटके, फुटलेली जहाजं, भूक, थंडी अशी यादी देऊन तो शेवटी लिहितो की सर्व मंडळ्यांची चिंता रोज माझ्यावर असते. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे शब्द एकाच धातूचा. मग पौलालाही अविश्वासू म्हणायचं का?”

भाऊ मागे हटणारा नव्हता. “मग जगाला साक्ष काय द्यायची? आम्हीही तुमच्यासारखेच रडतो, हीच?”

इथे सिस्टर तापल्या. त्यांचा दिवस रुग्णांत जातो. “‘विश्वास ठेव, नक्की बरा होशील’ हे वाक्य खाटेवरच्या माणसाला फार महागात पडतं रे. बरा झाला नाही तर दुखणं आहेच, वर विश्वास कमी पडल्याचा ठपका. आणि मग तो औषध सुटल्याचं लपवतो, वेदना लपवतो, भीती लपवतो. पौलाने आपला सोबती त्रफिम याला मिलेत गावी आजारी सोडलं, शिष्य तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून लिहिलं. गोळी घेणं आणि प्रार्थना करणं यांत भांडण लावणारे आपणच.”

सरांनी इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय काढला, आणि मला वाटतं भाऊ पहिल्यांदा तिथे गप्प झाला. चौतिसाव्या वचनात विश्वासाने माणसं तलवारीच्या धारेपासून निभावली. सदतिसाव्यात विश्वासाचीच माणसं तलवारीने मारली गेली. अध्याय एकच, विश्वास एकच. निकालावरून विश्वासाचं माप काढता येत नाही, हे त्या अध्यायाइतकं उघड दुसरीकडे क्वचितच दिसेल.

“बरं,” कोपऱ्यातला पोरगा म्हणाला, “पण नोकरी गेलीय, घरात आजारपण आहे, आणि प्रार्थनेला बसलं की शब्दच येत नाहीत. अशा वेळी नेमकं करायचं काय?”

“तेरावं स्तोत्र घे. सहाच वचनं आहेत,” सर म्हणाले. “पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो. वहीत ‘हे परमेश्वरा, कोठवर’ लिहायचं आणि पुढे स्वतःची चार वाक्यं. नेमकी. ‘कोठवर हा त्रास’ असं मोघम नको, ‘कोठवर हे फोन टाळत राहू’ असं लिही. तिसऱ्या-चौथ्या वचनात मागणी आहे. तिथे एकच गोष्ट माग, आणि अशी माग की मिळाली का नाही ते पुढच्या आठवड्यात तुला सांगता येईल. ‘सगळं चांगलं कर’ या प्रार्थनेचं उत्तर आलं तरी ओळखू येत नाही. पाचव्या वचनात ‘मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे’. तिथे देवाने आधी केलेलं एक काम लिही. सहाव्यात गाणं.”

“आणि गाणं आलंच नाही तर?”

“तर चौथ्यापाशी थांब. उद्या परत पहिल्यापासून.”

सिस्टरांनी नेमकी चूक दाखवली. “बहुतेक जण थेट पाचवं वचन म्हणतात. पहिली चार गाळली की ते पाठांतर होतं. ओठ भरवसा म्हणतात, आणि रात्री दोन वाजता तीच चार वचनं पोटात उठतात.”

रात्रीचा विषय निघाल्यावर त्यांनी एलीया काढला. पहिला राजे, एकोणिसावा अध्याय. रतामाच्या झुडपाखाली बसून हा संदेष्टा मरण मागतो. देवदूत त्याला खडसावत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा कुजा देतो. तो खातो, पितो, परत झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला घालतो, आणि मगच होरेबाची चाळीस दिवसांची वाट सुरू होते. “म्हणून रात्री निर्णय घ्यायचा नाही,” सिस्टर म्हणाल्या. “कागदावर दोन रकाने करा. एकात उद्या करायचं एकच काम, दुसऱ्यात जे आपल्या हातात नाही ते. दुसरा रकाना मोठ्याने वाचून देवाला सांगा आणि झोपा. रानात इस्राएलांना देवाकडून मिळणारं अन्न, मान्ना, तोही एकेक दिवसाचाच मिळायचा. सकाळपर्यंत ठेवला की किडे पडायचे. अपवाद फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवसाचा. आणि मरण मागण्यापर्यंत मन गेलं असेल तर एकट्याने झोपायचं नाही. त्याच रात्री कुणाला तरी उठवायचं, आणि डॉक्टर गाठायचा.”

भाऊचा आवाज आता उतरला होता. “पण ज्याला वही उघडायचंही बळ नाही त्याने काय करायचं?”

त्यावर सरांनी जे सांगितलं त्यासाठीच हे सगळं लिहून काढतोय. निर्गम पुस्तकाचा सतरावा अध्याय. अमालेकी लोकांशी लढाई चालू आहे. मोशेचे हात वर असले की इस्राएलाची सरशी, खाली आले की अमालेकाची. हात भरून आले, तेव्हा अहरोन आणि हूर या सोबत्यांनी त्याला बसायला धोंडा ठेवला, दोघांनी दोन बाजूंनी हात धरले, आणि सूर्य मावळेपर्यंत ते हात ‘स्थिर’ राहिले. तिथला हिब्रू शब्द आहे एमुना. नीतिमान आपल्या विश्वासाने वाचेल असं हबक्कूक संदेष्टा म्हणतो, तिथेही हाच शब्द. पवित्र शास्त्रात हा शब्द प्रथम ज्या माणसासाठी येतो त्याचे हात दुसऱ्यांनी धरलेले आहेत!

“म्हणून ‘काही लागलं तर सांग’ म्हणू नका,” सिस्टर म्हणाल्या. “थकलेल्या माणसाला मागायचंही ओझं होतं. ‘मंगळवारी चार ते सात मी तुझ्या आजाऱ्याजवळ बसतो, तू झोप’ असं सांगा. दिवस आणि वेळ धरून. दोन माणसं तरी हवीत, एकटा हूर पुरत नाही. आणि बसल्यावर उपदेश नको. ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर ठीक होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं.”

“अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राचं काय?” पोरग्याने विचारलं. “ते शेवटपर्यंत अंधारातच आहे. मूळ हिब्रूत तर शेवटचा शब्दच अंधार. त्यावर आमेन कसं म्हणायचं?”

“म्हणायचं,” सर म्हणाले. “आमेन आणि एमुना एकाच धातूचे, पक्कं असणं या अर्थाचे. आणि पहिलं वचन बघ, ज्याच्याशी तो भांडतोय त्याला तो ‘माझ्या तारणाच्या देवा’ म्हणतोय.”

भाऊने ते वचन परत वाचायला लावलं. मग वही मागितली, आणि मंगळवारच्या चार ते सातसमोर स्वतःचं नाव घातलं.